बैठक

मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो. नारळ कानाशी धरून हलवतो. कलिंगडाला थापट्या मारतो आणि त्यातलं काही कळत नसलं तरी कळल्यासारखी मान हलवतो. दुर्बीण घेताना मात्र मी फक्त खोक्यावरचं चित्र बघितलं.

चित्रात शनी होता, कड्यांसकट, पिवळाधमक. बाजूला लाल चांदणी आणि चांदणीत छापलेलं: ५२५ पट. साल २०२०, नोव्हेंबर. घरात बसून बसून डोकं पिकलेलं, आणि वर्तमानपत्रांतून येऊ लागलेलं की २१ डिसेंबरला गुरू आणि शनी इतके जवळ येणार की दुर्बिणीच्या एकाच चौकटीत दोघंही मावतील. दर वीस वर्षांनी त्यांची गाठ पडतेच, पण इतकी जवळीक याआधी १६२३ साली झाली होती. म्हटलं, चारशे वर्षांनी पाहुणे येताहेत आणि आपल्याकडे त्यांना बघायला काही नाही, हे बरं दिसत नाही.

खोकं आलं. आत पांढरी चकचकीत नळी, तळाशी ७६ मिलिमीटरचा आरसा, तीन नेत्रिका, म्हणजे डोळा लावायची भिंगं, काळ्या नळकांड्यासारखं एक बार्लो भिंग, म्हणजे मोठेपणा आणखी वाढवणारं, आणि स्टँडचे इतके सुटे भाग की हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून मांडावे लागले. नवऱ्याने माहितीपत्रक वाचायचं आणि मी स्क्रू पिळायचे, अशी वाटणी झाली. दोन तासांनी जे उभं राहिलं ते दिसायला झकास होतं. तीन ॲल्युमिनियमचे पाय, वर तिरकी मान, एका बाजूला नळी, दुसऱ्या बाजूला दांडीवर वजन, आणि लोंबणाऱ्या दोन वायरींच्या टोकाला मुठी. शेजारच्या काकूंनी विचारलं, "ही फिजिओथेरपीची का?"

२१ तारखेला संध्याकाळी सोसायटीची निम्मी पोरं तोंडाला मास्क लावून गच्चीवर हजर. नैर्ऋत्येला, सूर्य बुडाल्या जागेच्या थोडं डावीकडे आणि वर, दोघं नुसत्या डोळ्यांनाही सुरेख दिसत होते. दुर्बिणीत मात्र त्यांना पकडेपर्यंत पाऊण तास गेला. पकडले, तर ते थरथरत होते. भेळवाला पातेल्यात चुरमुरे हलवतो तसे. चित्र स्पष्ट करायला गोल बटणाला बोट लावलं की दोघंही चौकटीबाहेर. बोट काढून श्वास रोखून उभं राहायचं, थरथर निवत आली की वारा यायचा. वारा पडला की रांगेतलं कोणीतरी पाय बदलायचं. एक सहा-सात वर्षांची मुलगी बराच वेळ डोळा लावून होती. तिने निर्णय दिला, "काकू, ते नाचतायत." आठ वाजत आले आणि दोन्ही पाहुणे समोरच्या इमारतीमागे गेले. आता २०४० मध्ये भेटतील, पण तेव्हा अंतर बरंच जास्त असेल. २०२० इतके जवळ यायला थेट २०८० उजाडावं लागेल. मी हिशेब केला आणि सोडून दिला.

काच फडतूस निघाली, असा निकाल देऊन मी दुर्बीण माळ्यावर टाकली. हा निकाल चुकीचा होता, पण ते कळायला दोन वर्षं लागली.

ती ५२५ पट येते कुठून, हे मात्र लगेच कळलं, कारण त्याला फक्त भागाकार लागतो. आरशाचं नाभीय अंतर, म्हणजे आरसा प्रकाश जिथे एकवटतो तिथवरचं अंतर, ७०० मिलिमीटर. सगळ्यात छोटी नेत्रिका ४ मिलिमीटरची. ७०० भागिले ४, म्हणजे १७५. त्यात तिप्पट करणारं बार्लो घाला, झाले ५२५. गणित बरोबर आहे. फक्त आकाशाला ते मान्य नाही. आरशाच्या दर मिलिमीटरला फार तर दोन पट, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे ७६ मिलिमीटरला दीडशेच्या आसपास, आणि तेही हवा अगदी संथ असेल तर. त्यापुढे चित्र मोठं होत जातं पण त्यात नवीन काही येत नाही, उलट अंधारतं. आमटीत पाणी वाढवण्यासारखंच ते. शिवाय मोठेपणा वाढतो त्याच पटीत थरथरही वाढते, हे खोक्यावर कोण छापणार?

पुढच्या हिवाळ्यात, म्हणजे २०२२च्या जानेवारीत, ओळखीच्या एका आकाशनिरीक्षण मंडळाबरोबर वेल्ह्याच्या बाजूला रात्र काढली. पुण्याला या नादाची जुनी परंपरा आहे. इथली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ची, हौशी खगोलप्रेमींची देशातली सर्वांत जुनी संस्था म्हणून ओळखली जाते. पण मी पन्नाशीपर्यंत टिळक स्मारक मंदिरात नाटकांनाच गेले, त्याच आवारात आकाशवेडी माणसं जमतात याचा पत्ता नव्हता. तर त्या रात्री शेताच्या बांधावर एक गृहस्थ जाडजूड नळी घेऊन बसले होते. आठ इंची आरसा, आणि खाली लाकडी खोकं. तिपाई नाही, वजन नाही, वायरी नाहीत. गिझर स्टुलावर आडवा ठेवावा तसं दिसत होतं सगळं. त्यांनी नळीला दोन बोटांनी ढकललं, मृगाच्या तलवारीवर आणलं, हात काढून घेतला आणि म्हणाले, "बघा."

मी सवयीने श्वास रोखला. त्याची गरज नव्हती. राखाडी, किंचित हिरवट धुकं पंखासारखं पसरलेलं आणि त्याच्या पोटात चार बारीक हिरकण्या. मृगातला तेजोमेघ. फोटोत असतो तसा गुलाबी-जांभळा नाही, ते आधीच सांगून टाकते, कारण रंगांच्या अपेक्षेने आलेली माणसं पहिल्या दहा सेकंदांत हिरमुसतात. अंधारात आपला डोळा रंग जवळजवळ बघतच नाही. पण त्या चार ठिपक्यांकडे मी कितीतरी वेळ बघत राहिले. ते हलत नव्हते. हलत होते, पण पृथ्वी फिरते तेवढेच. एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूकडे, देवाच्या पालखीसारखे, एका चालीत.

मी माझी चारशे वर्षांची हकीकत सांगितली. त्यांनी एकच विचारलं, "नळीला टिचकी मारली तर किती सेकंद थरथरते?" मी म्हटलं, मोजलं नाही, पण चहा होईल. ते हसले. "दोन सेकंदांत थांबली पाहिजे. तीन म्हणजे चालवून घ्यायचं. पाचाच्या पुढे गेली तर आत कितीही भारी आरसा असो, घ्यायची नाही. काच सगळेच बघतात हो. बैठक बघा."

दुर्बीण ज्यावर बसते त्या माउंटला बैठक म्हणतात हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं आणि आजतागायत दुसरा शब्द वापरला नाही. आमच्या घरी आई गाणं शिकवायची. नवीन मुलगी आली की पहिला आठवडा सूरबीर काही नाही. तंबोरा कसा धरायचा आणि मांडी कशी घालायची, एवढंच. पाठ ढिली पडली की आई मागून बोट टोचायची. मुली कंटाळून जायच्या. आई म्हणायची, बैठक नाही तर आवाज कुठे ठेवणार? मला ते तेव्हा खडूसपणाचं वाटे.

गॅलिलिओलाही याच दुखण्याने गाठलं होतं. १६१०च्या जानेवारीतल्या एका पत्रात त्याने लिहून ठेवलंय की नाडीच्या ठोक्यांनी आणि श्वासानेही हात हलतो, तेव्हा नळी कुठेतरी पक्की बसवावी. त्याची दुर्बीण वीसेक पटींची. बार्लो भिंग नव्हतं, लाल चांदणी नव्हती. गुरूचे चार चंद्र त्याने तेवढ्यात शोधले.

आणि ते लाकडी खोकं. ते जॉन डॉबसन नावाच्या माणसाचं, म्हणून त्याला डॉबसोनियन म्हणतात. आमच्यात नुसतं 'डॉब'. डॉबसन १९१५ साली पेकिंगमध्ये जन्मले, अमेरिकेत रसायनशास्त्र शिकले आणि १९४४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात दाखल झाले. रामकृष्ण-विवेकानंदांच्या परंपरेतला मठ. संन्याशाजवळ पैसे कुठले? जहाजाच्या गोल खिडकीची जाड काच मिळवून तिचा आरसा घासायचा, नळी पुठ्ठ्याची, बैठक प्लायवुडची. तयार झाली की ढकलत नेऊन रस्त्यावरच्या लोकांना चंद्र दाखवायचा. मठाच्या शिस्तीत हे फार काळ बसलं नाही. १९६७ साली त्यांना मठ सोडावा लागला. पुढल्याच वर्षी त्यांच्याभोवती फुटपाथवरच्या खगोलप्रेमींची मंडळी उभी राहिली आणि मग २०१४ साली जाईपर्यंत ते हेच करत राहिले. आपल्याकडे कीर्तनकार गावोगाव फिरतात, तसा हा माणूस कोपऱ्याकोपऱ्यावर शनी दाखवत फिरला.

आता माझ्या पहिल्या स्टँडची बाजूही मांडते. नाहीतर ते बिचारं विनाकारण बदनाम होईल. त्या तिरक्या मानेच्या प्रकाराला विषुववृत्तीय माउंट म्हणतात आणि कल्पना फार देखणी आहे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून तारे सरकतात. दुर्बिणीचा एक आस पृथ्वीच्या आसाला समांतर केला की एकच मूठ सावकाश फिरवत राहायची, तारा जागेवर. मोटर लावली की तेवढंही नको. ज्यांना तेजोमेघांचे फोटो काढायचेत त्यांना असंच काहीतरी लागतं, चांगलं जड आणि महाग. पण तो आस ध्रुवताऱ्याकडे रोखायचा, आणि पुण्यात ध्रुव क्षितिजापासून अवघा साडेअठरा अंश वर. माझ्या गच्चीवरून तिथे उत्तरेकडच्या इमारतीची पाण्याची टाकी आहे. शिवाय ही स्वस्तातली माउंट बनवताना डोळ्यापुढे युरोप-अमेरिका असते, जिथे ध्रुव चाळीस-पन्नास अंश वर असतो. आपल्याकडे आस इतका आडवा करावा लागतो की वजनाची दांडी खाली येऊन तिपाईच्या पायावर ठण्णकन आपटते. आणि आरशाची दुर्बीण त्यावर फिरवली की नेत्रिका कधी मानेखाली, कधी पलीकडच्या बाजूला. बघणाऱ्याने मग वेताळाकडून उलटं लटकायला शिकावं.

ध्रुवाचं मात्र मला त्या निमित्ताने नव्याने हसू आलं. लहानपणी ऐकलेली ती सगळी गोष्टच मुळी बसायच्या जागेवरून झालेली. बापाच्या मांडीवर बसायला गेला, सावत्र आईने उठवलं, पोरगं रुसून रानात गेलं आणि हटून मागितलं काय, तर जिथून कोणी हलवणार नाही असं आसन. अढळपद. खरं तर तोही अगदी अढळ नाही, खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्तच लांब आहे आणि त्याभोवती रोज छोटीशी प्रदक्षिणा घालतो. पण एवढं चालायचं.

फेब्रुवारीत डॉब घेतला. सहा इंची. आठ इंचीवर जीव होता, कारण माझ्या जुन्या आरशापेक्षा तो सात पट प्रकाश गोळा करतो आणि सहा इंची चारच पट. पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गच्ची आणखी दोन जिने वर. सहा इंचीचं नळी-खोकं मिळून १५-१६ किलो. दोन खेपांत मी एकटी नेते, मधल्या वळणावर पायऱ्या मोजत. आठ इंची घेतला असता तर नवऱ्याला दर वेळी विचारावं लागलं असतं, आणि दर वेळी विचारावं लागतं त्या गोष्टी हळूहळू होईनाशा होतात. संसारात शिकलेली गोष्ट, खगोलशास्त्रात उपयोगी पडली. दुकानात या वेळी मी आधी टिचकी मारली. दुकानदाराने चमकून बघितलं. दीड सेकंद.

डॉबचे जाचही आहेत. अगदी डोक्यावरचा तारा धरायचा तर नळी उभी होते आणि बाजूला वळवायला हाताला कुठे धरच मिळत नाही. हाताने सरकवत राहावं लागतं. १२० पटींवर तारा चौकटीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पावणेदोन मिनिटांत जातो. सुरुवातीला त्रास होतो, मग हात आपसूक चालतो, पाळण्याच्या दोरीसारखा. वेल्ह्याचे खड्डे खाऊन आलं की आरसे एका रेषेत आहेत का ते तपासायचं. आणि जूनमध्ये आभाळ मिटलं की सप्टेंबरपर्यंत नळीला दोन्हीकडून झाकण, आत सिलिका जेलच्या पुड्या. नाहीतर आपल्या हवेत काचेवर बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो. पुण्यातल्या गच्चीवरून देवयानी दीर्घिका म्हणजे पुसलेल्या फळ्यावरचा खडूचा डाग. ग्रह, चंद्र आणि जोडतारे यांना मात्र शहराचा उजेड फारसा बाधत नाही. चंद्र बघायचा तो अष्टमीच्या आगेमागे, सावल्या लांब असतात तेव्हा. कोजागरीला दुर्बीण काढू नये, दूध आटवावं.

हल्ली ओळखीतले लोक फोन करतात: मुलाला वाढदिवसाला घ्यायचीय, कोणती घेऊ? मी म्हणते, आधी ७x५० किंवा १०x५०ची द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघायची दुर्बीण घे, कोपर कठड्यावर टेकव आणि दोन महिने कृत्तिका, गुरूचे चंद्र, चंद्राचे डाग बघू दे. त्यांना हे उत्तर आवडत नाही. द्विनेत्रीचं खोकं छोटं असतं. मग म्हणते, घरात जागा नसेल तर टेबलावर ठेवायचा छोटा डॉब घे, पण टेबल कुठलं ते आधी सांग. पत्त्याच्या डावाचं घडीचं टेबल असेल तर राहू दे. फोनवर तारा निवडला की आपोआप वळणाऱ्या दुर्बिणींबद्दल विचारतात. वळतात, खरंच वळतात. पण त्याच पैशांत त्यांच्या पोटात आरसा लहान येतो आणि मोटर मोठी, आणि मला व्याध ते मृग ते रोहिणी असं बोटाने चालत जायला आवडतं, तेव्हा माझं मत धरू नका. एक गोष्ट मात्र मी फोनवरच बजावते. खोक्यात नेत्रिकेला लावायची छोटी काळी 'सन' काच निघाली तर ती मुलाच्या हाती पडायच्या आत फोडून टाक. सूर्याची उष्णता तिथे एकवटते, ती काच तडकते आणि डोळा जातो. माझ्या खोक्यात होती. सूर्याचं गाळणं असतं ते नळीच्या तोंडाला, बाहेरून, आणि ते खात्रीचंच हवं.

डॉब घेतला त्याच वर्षी, २०२२च्या दिवाळीत, माळा साफ करताना जुनी पांढरी नळी हाताला लागली. बारावीतला भाचा आला होता. त्याने आरशात डोकावून विचारलं, "मावशी, हिच्यात बिघाड काय आहे नेमका?" मला सांगता येईना. आरसा स्वच्छ होता. इतक्या लहान आणि लांब नाभीच्या आरशात चुकायला फारसं काही नसतं, हे एव्हाना मलाही कळलं होतं.

कोपऱ्यावरच्या सुतारकाकांकडे गेलो. भाच्याने कागदावर काढून दाखवलं: तळाशी एक गोल फळी, तिच्यावर फिरणारी दुसरी फळी, मधे एक बोल्ट, वरच्या फळीवर दोन कान, कानांवर नळी. १८ एमएमचं प्लाय, खालच्या फळीवर सनमायका. काकांनी पेन्सिल कानामागे खोचली. "ताई, मधे बेअरिंग टाकू की. लोण्यासारखं फिरंल."

"लोण्यासारखं नको, काका. ढकललं की हलायला पाहिजे आणि सोडलं की तिथंच थांबायला पाहिजे."

"मग जात्यासारखं म्हणा."

अगदी जात्यासारखं. घासणीसाठी टेफ्लॉनचे तुकडे लागतात. ते मिळेनात, तेव्हा मी स्वयंपाकघरातला पांढरा चॉपिंग बोर्ड आणून दिला आणि काकांनी त्याचे तीन चौकोन कापले. कानांसाठी ४ इंची पीव्हीसी पाइपच्या टोप्या, हार्डवेअरच्या दुकानातल्या. नळीचा तोल कुठे साधतो ते बघायला भाच्याने ती लाटण्यावर आडवी ठेवून पुढेमागे केली आणि जिथे डुलली तिथे खूण केली. जुन्या तिपाईवर आता बायको सांडग्यांचं ताट वाळवते, असं काका नंतर म्हणाले. भंगारात द्यायची म्हणून मी ती त्यांच्याकडेच ठेवून आले होते.

नोव्हेंबरच्या शेवटी काका उरलेले पैसे घ्यायला आले, तेव्हा आम्ही गच्चीवर होतो. खोकं टाकीच्या सिमेंटच्या ओट्यावर, वर ती पांढरी नळी, १० मिलिमीटरची नेत्रिका, म्हणजे ७० पट. शनी नैर्ऋत्येला मकरेत. भाच्याने धरला आणि हात काढला. मी डोळा लावला. कडं चक्क सुटं दिसत होतं, शनीच्या दोन्ही बाजूंना काळी फट, आणि थोडं पलीकडे एक ठिपका, शनीचा चंद्र टायटन. दोन वर्षांपूर्वी याच नळीतून, याच गच्चीवरून, हाच शनी.

"काका, या. बघा."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकले. बराच वेळ बघत होते. मग डोळा न काढता दोन बोटांनी नळी हळूच डावीकडे ढकलली, थांबली, परत उजवीकडे आणली. पुन्हा एकदा. मग खाली बसून फळ्यांच्या फटीला कान लावला.

"उजवीकडे येताना जरा घट्ट लागतंय," ते म्हणाले. "उद्या सकाळी खाली आणून द्या. पॉलिशपेपर मारून देतो."